‘फे’ म्हणजे नेमकं कोण? टेबलवरच्या खेळात परीलोक कुठून आला?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४ सालच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये पिक्सी नावाची एक चिमुकली परी आहे. तिच्याकडे फक्त १ हिट पॉइंट आहे. म्हणजे तलवारीचा एक फटका बसला, की तिचा खेळ संपला. पण तो फटका बसण्याआधी ती अदृश्य होऊ शकते, समोरच्याला झोपवू शकते, त्याच्या डोक्यात गोंधळ उडवून देऊ शकते. मनात आलंच, तर एखाद्या कसलेल्या योद्ध्याचा बेडूकही करू शकते.

शक्ती जवळपास शून्य, पण तिच्या वाटेला जाणं धोक्याचं. या खेळात अशा जिवांचा एक वेगळाच प्रकार आहे. त्याचं नाव ‘फे’.

पिक्सी, ड्रायड, सॅटर, चेटकिणीसारखी हॅग आणि आता चक्क गॉब्लिनसुद्धा याच प्रकारात मोडतात. पण हे सगळे एका घरचे आहेत का? मुळीच नाही. कुणी ग्रीसमधून आलं, कुणी जर्मनीच्या नद्यांमधून, कुणी स्कॉटलंडच्या शेतघरांमधून. त्यांना एका छताखाली आणलं ते खेळाने, आणि तेही टप्प्याटप्प्याने. हे कसं घडलं आणि त्यात या जिवांनी काय गमावलं, ते समजून घेऊया.

हा खेळ नेमका काय आहे?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका पाहिली असेल, तर सुरुवातीलाच तळघरात टेबलभोवती बसून खेळणारी चार मुलं आठवत असतील. ती खेळत असतात तो हाच खेळ.

यात पट किंवा सोंगट्या असायलाच हव्यात असं नाही. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. एक जण ‘डंजन मास्टर’ होतो. तो गोष्ट सांगतो, खलनायक आणि राक्षस चालवतो. खेळाडू आपलं पात्र काय करणार ते सांगतात आणि ते जमलं की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा वीस बाजूंच्या फाशाने लागतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. डंजन मास्टरला समोर उभे करायला सतत नवे जीव लागतात. ते पुरवण्यासाठी लेखकांनी जगभरच्या दंतकथा, पुराणं आणि कादंबऱ्या धुंडाळल्या. परीलोक खेळात आला तो याच वाटेने.

‘फे’ हा शब्द आला कुठून?

इंग्रजीत ‘फे’ या उच्चाराचे दोन वेगळे शब्द होते. एक जुन्या इंग्रजीतला, त्याचा अर्थ ‘ज्याचं मरण जवळ आलंय असा’. दुसरा जुन्या फ्रेंचमधून आलेला, त्याचा अर्थ ‘परी’. या दुसऱ्या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. माणसाचं नशीब ठरवणाऱ्या देवतांसाठी तिथे ‘फाता’ हा शब्द होता. ‘फेअरी’ हा शब्दही याच कुळातला. सुरुवातीला त्याचा अर्थ एखादी परी असा नव्हता, तर परींचा प्रदेश किंवा त्यांची माया असा होता.

मराठीतल्या ‘परी’शी याचं नातं आहे का? उच्चार जवळचा वाटतो खरा, पण नातं नाही. आपली ‘परी’ फारसीतून आली आहे. तिचं मूळ प्राचीन इराणच्या अवेस्ता भाषेत सापडतं आणि तिथे तो शब्द एका दुष्ट, मायावी स्त्रीसाठी वापरला जायचा. म्हणजे दोन्हीकडे आजची गोड, सुंदर परी ही नंतरची आवृत्ती आहे. आधी होती ती भीती.

पंख आणि छडी येण्याआधीची परी

आज ‘परी’ म्हटलं की पंख, छडी आणि चमचमती धूळ आठवते. हे रूप प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, चित्रं आणि बालपुस्तकांमधून घराघरांत पोहोचलं. १९०४ मध्ये ‘पीटर पॅन’ हे नाटक रंगमंचावर आलं आणि त्यातली टिंकर बेल लाडकी झाली.

१९१७ मध्ये इंग्लंडमधल्या कॉटिंगली गावातल्या दोन मुलींनी परींसोबत काढलेले म्हणून काही फोटो दाखवले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनीही त्यावर विश्वास ठेवला. परी कागदाच्या कापून उभ्या केल्या होत्या, हे त्या दोघींनी कबूल केलं ते थेट १९८० च्या दशकात.

त्याआधीच्या लोककथांमधले हे जीव मात्र असे गोंडस नव्हते. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ते टेकड्यांच्या पोटात राहतात, असं लोक मानत. लोक त्यांचं नाव घेणंही टाळत आणि ‘भली माणसं’ म्हणत. रात्री सापाचं नाव घेऊ नये म्हणून आपल्याकडे ‘लांबडं’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरफॉइल गावचे धर्मगुरू रॉबर्ट कर्क यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस या जिवांबद्दलच्या समजुती लिहून काढल्या. १६९२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा परींनीच त्यांना टेकडीत ओढून नेलं, अशी दंतकथा तयार झाली.

ही श्रद्धा किती खरी होती, याचं सर्वात भयंकर उदाहरण १८९५ मधलं आहे. आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची तरुणी आजारी पडली. ही आपली बायको नाही, परींनी तिला पळवलंय आणि तिच्या जागी दुसरंच कुणीतरी ठेवलंय, असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं होतं. यातच ती जाळली गेली. नवऱ्याला सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली.

परींनी अशा बदलून ठेवलेल्या व्यक्तीला ‘चेंजलिंग’ म्हणत. आज हा शब्द अनेक खेळांमध्ये आहे. पण एकेकाळी तो एखाद्याच्या जिवावर बेतू शकत होता.

रणांगणातून टेबलवर

खेळांमध्ये या जिवांचा प्रवेश झाला तो सैनिक म्हणून. १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा ‘चेनमेल’ हा युद्धखेळ आला. छोट्या पुतळ्यांच्या मदतीने मध्ययुगीन लढाया खेळायच्या, असं त्याचं स्वरूप. त्याला कल्पनारम्य लढायांची एक पुरवणी जोडलेली होती. तिच्यात ‘स्प्राइट आणि पिक्सी’ अशी एक नोंद होती आणि ‘एल्फ आणि फेअरी’ अशी दुसरी. म्हणजे परी आणि एल्फ तेव्हा एकाच ओळीत उभे होते.

१९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पिक्सी, निक्सी आणि ड्रायड स्वतंत्रपणे आल्या. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्यांची संख्या आणखी वाढली.

ड्रायड ही ग्रीक कथांमधली वृक्षकन्या. तिचा जीव झाडात. खेळातही ती आपल्या ओकच्या झाडापासून फार लांब जाऊ शकत नाही.

निंफ हीसुद्धा ग्रीक कथांमधली, निसर्गाची देवता. १९७७ च्या नियमांनुसार तिच्याकडे नुसतं पाहिल्यानेही माणूस आंधळा होऊ शकत होता. देवीला स्नान करताना पाहणाऱ्या माणसाची दृष्टी जाते, अशी ग्रीक कथा आहेच.

निक्सी जर्मन लोककथांमधल्या जलपरींवरून आली. ती माणसाला भुलवून पाण्याखाली नेते आणि वर्षभर आपली चाकरी करायला लावते.

ब्राउनी स्कॉटलंडमधला. रात्री गुपचूप घरातली कामं करणारा. लोककथेत त्याला कपडे भेट दिले, की तो घर सोडून जातो. ‘हॅरी पॉटर’मधला डॉबी आठवला असेल, तर तो योगायोग नाही.

पिक्सी इंग्लंडच्या कॉर्नवॉल आणि डेव्हन भागातल्या. रानात ओळखीची वाट चुकली, की तिथले लोक पिक्सींना दोष देत. मराठीत याला सरळ ‘चकवा लागला’ म्हणतात.

या सगळ्यामागे एका कादंबरीचाही मोठा हात होता. पोल अँडरसन यांची ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ ही कादंबरी पुस्तकरूपात १९६१ मध्ये आली. तिच्यात माणसांचं जग ‘सुव्यवस्थे’च्या बाजूने आणि परीलोक ‘अनागोंदी’च्या बाजूने उभा आहे. खेळावर प्रभाव टाकणाऱ्या पुस्तकांची एक यादी गायगॅक्स यांनी १९७९ मध्ये छापली, तिच्यात या कादंबरीचं नाव आहे. खेळातल्या पात्रांच्या वृत्तीची सुव्यवस्था-अनागोंदी अशी विभागणी आणि जखमा आपोआप भरून येणारा ट्रोल, या दोन्हींवर तिची छाप स्पष्ट दिसते.

पुस्तकात आले, पण गाव सुटलं

१९७७ च्या पुस्तकात ‘फे’ असा कोणताही प्रकार नव्हता. सगळे जीव वर्णानुक्रमाने मांडलेले होते. प्रत्येकाच्या नावापुढे आकडे होते. मारायला किती कठीण, किती जोरात मारतो, जवळ किती खजिना असतो.

लोककथेतली निक्सी एखाद्या ठरावीक नदीची असते आणि ब्राउनी एखाद्या ठरावीक घराचा. गावाला तो माहीत असतो, त्याच्याशी कसं वागायचं हेही माहीत असतं. पुस्तकात आल्यावर मात्र तो कुठल्याही जंगलात, कुठल्याही रात्री भेटू शकणारा ‘मॉन्स्टर’ झाला. त्याचं गाव सुटलं.

काहींचं तर कुळच बदललं. आयरिश बॅनशी हे याचं उत्तम उदाहरण. तिच्या मूळ नावाचा अर्थच ‘परींच्या टेकडीतली बाई’ असा होतो. घरात कुणी मरणार असेल, तर ती आधी येऊन आक्रोश करते. ती मारत नाही, तर सूचना देते. खेळात मात्र ती दुष्ट एल्फ स्त्रीचा आत्मा झाली आणि भुतांच्या रांगेत जाऊन बसली. तिचा आक्रोश ऐकणारा त्यानेच मरू शकतो. अस्सल परीलोकातली असूनही ‘फे’मध्ये तिला जागा मिळाली नाही.

हे फक्त युरोपच्या वाट्याला आलं असंही नाही. याच १९७७ च्या पुस्तकात भारतातला ‘राक्षस’ही आहे, वाघाच्या डोक्याचा. त्याला मारायचा हमखास उपाय काय, तर धर्मगुरूने आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा बाण. रामायण-महाभारताच्या वाचकाला हे वाचून हसू येईल. हा उपाय आला होता तो ‘कोलचॅक’ या अमेरिकन टीव्ही मालिकेतून. आपल्या राक्षसाचं जे झालं, तेच ग्रीक निंफचं आणि आयरिश बॅनशीचंही झालं.

२०००: ‘फे’ हा अधिकृत शिक्का

२००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली. तोवर ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने मूळ प्रकाशक टीएसआरला विकत घेतलं होतं. नव्या आवृत्तीत प्रत्येक जिवावर प्रकाराचा शिक्का मारला गेला. प्राणी, ड्रॅगन, मानवसदृश, मृतात्मा वगैरे. त्यातच एक होता ‘फे’. ग्रीक ड्रायड आणि निंफ, जर्मन निक्सी आणि कॉर्नवॉलची पिक्सी अधिकृतपणे एका घरात आल्या त्या इथे.

हा शिक्का नावापुरता नव्हता, कारण मंत्र आणि शस्त्रं या प्रकारांनुसार काम करतात. उदाहरणार्थ, समोरच्याला वश करणारा ‘चार्म पर्सन’ हा मंत्र फक्त मानवसदृश जिवांवर चालतो. ड्रायड दिसायला बाईसारखी असली, तरी ती ‘फे’ आहे. त्यामुळे तिच्यावर हा मंत्र वाया जातो.

२००३ च्या सुधारित नियमांमध्ये ‘कोल्ड आयर्न’ म्हणजे थंड लोखंडाला महत्त्व आलं. परींना लोखंड सहन होत नाही, ही जुनी समजूत. इंग्रजीत ‘कोल्ड आयर्न’ म्हणजे साधं लोखंडच, फक्त काव्यात्म भाषेत. खेळाने मात्र त्याचा वेगळा धातू केला. तो जमिनीत खोलवर सापडतो, कमी तापमानात घडवला जातो आणि त्याचं शस्त्र दुप्पट किमतीला मिळतं. साध्या तलवारीने पिक्सीला फारशी इजा होत नाही, या शस्त्राने होते. घोड्याची नाल दाराला ठोकून निश्चिंत होणाऱ्या शेतकऱ्याचा तोडगा असा दुकानातली वस्तू बनला.

२००८: परींना स्वतःचं जग मिळालं

चौथ्या आवृत्तीत या जिवांना हक्काचं घर मिळालं. त्याचं नाव ‘फेवाइल्ड’. हे आपल्याच जगाचं प्रतिबिंब, पण सगळं जास्त गडद, जास्त जिवंत. इथे डोंगर असेल तर तिथेही डोंगर, पण अधिक उंच आणि अधिक धोकादायक.

तिथल्या सत्ताधीशांना ‘आर्चफे’ म्हणतात. ‘वॉरलॉक’ हे पात्र घेणारा खेळाडू आर्चफेशी करार करून जादू मिळवू शकतो. त्यांच्या दरबारांची नावं ‘सीली’ आणि ‘अनसीली’. ती स्कॉटिश लोककथांमधून घेतली आहेत. पहिला शब्द शुभ, दुसरा अशुभ. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकातले टायटानिया आणि ओबेरॉन तर १९९२ सालच्या एका पुस्तकातच खेळात दाखल झाले होते.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या नियमांमध्ये फेवाइल्डसाठी एक ऐच्छिक तक्ता आहे. तिथून परतताना वीस बाजूंचा फासा टाकायचा. ७ ते १३ आले तर काही फरक नाही. १ किंवा २ आले तर तिथे घालवलेले दिवस इथे फक्त मिनिटं ठरतात. आणि २० आले तर तिथला प्रत्येक दिवस इथलं एक वर्ष.

आयरिश कथेतला ओशीन ‘तीर ना नोग’ या चिरतारुण्याच्या देशात तीन वर्षं राहतो. परत येतो तेव्हा इथे तीनशे वर्षं उलटलेली असतात आणि जमिनीला स्पर्श होताच तो जख्ख म्हातारा होतो. त्या कथेतली हुरहूर एका फाशात उतरवण्याचा हा प्रयत्न आहे. २० पडल्यावर टेबलवर जी शांतता पसरते, तिच्यात जुनी भीती थोडी तरी परत येते.

दुसऱ्या खेळांनी काय केलं?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा एकटाच खेळ नाही. १९८७ मधल्या ‘आर्स मॅजिका’ने परीलोकाला जगातल्या चार अलौकिक सत्तांपैकी एक मानलं. देव, सैतान आणि जादू या बाकीच्या तीन. ‘पाथफाइंडर’मध्ये हे जीव ‘फर्स्ट वर्ल्ड’मधून येतात. देवांनी जग घडवण्याआधी केलेला हा कच्चा आराखडा, असं तिथे मानलं आहे.

२००७ मधल्या ‘चेंजलिंग: द लॉस्ट’ने तर बाजूच उलटवली. त्यात खेळाडू हे परींनी पळवून नेलेली आणि कशीबशी सुटून आलेली माणसं असतात. घरी परतल्यावर त्यांना कळतं, की आपल्या जागी आपल्यासारखाच दुसरा कुणीतरी सुखाने राहतोय आणि घरच्यांना काही पत्ताच नाही. ब्रिजेट क्लिअरीच्या गोष्टीत संशय आजारी बाईवर घेतला गेला होता. इथे कथा पळवल्या गेलेल्याच्या बाजूने सांगितली जाते.

तलवारीपेक्षा शब्द महत्त्वाचा

अलीकडच्या वर्षांत मूळ खेळही त्याच दिशेने सरकला आहे. २०२१ मधलं ‘द वाइल्ड बियाँड द विचलाइट’ हे साहस फेवाइल्डमध्ये घडतं आणि एकही लढाई न करता पूर्ण करता येतं. तिथे तीन रिवाज महत्त्वाचे. पाहुणचाराचा मान राखा, दुसऱ्याची वस्तू घेऊ नका आणि कुणी काही दिलं तर त्याची परतफेड करा.

लोककथांमधल्या म्हाताऱ्या नेमकं हेच सांगत आल्या. परीने दिलेलं खाऊ नका, तिला शब्द दिला तर मोडू नका, ब्राउनीसाठी दुधाची वाटी ठेवायला विसरू नका. १९७७ च्या पुस्तकात आकड्यांखाली झाकला गेलेला हा भाग चार दशकांनी वर आला.

आणि गॉब्लिन? १९३७ मध्ये टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’मध्ये गॉब्लिनांच्या झुंडी आल्या. खेळानेही त्यांना पहिल्या काही लढायांत मारायचे किरकोळ शत्रू म्हणून वापरलं. पण जुन्या लोककथांमध्ये गॉब्लिन म्हणजे परीलोकातलाच एक खोडसाळ, त्रासदायक जीव. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये गॉब्लिन, हॉबगॉब्लिन आणि बगबेअर यांच्यावरचा शिक्का बदलला. ते आता ‘फे’ आहेत.

याचा खेळावर लगेच परिणाम होतो. कालपर्यंत गॉब्लिनवर चालणारा ‘चार्म पर्सन’ आता चालत नाही. फक्त एक शब्द बदलला, पण अनेक वर्षं अंगवळणी पडलेली युक्ती निकामी झाली.

थोडक्यात सांगायचं, तर ‘फे’ नावाचं एकच कुळ जगात कधीच नव्हतं. वेगवेगळ्या गावांनी आपापल्या नदीची, झाडाची, टेकडीची भीती वेगवेगळ्या नावांनी सांभाळली होती. खेळाने ती गोळा केली, तिला आकडे दिले आणि शिक्का मारला. त्यात त्यांची गावं हरवली, पण ज्यांनी कॉर्नवॉल किंवा टिपरेरी कधी पाहिलंही नाही, अशा लाखो खेळाडूंपर्यंत ती नावं पोहोचली.

तेव्हा पुढच्या वेळी खेळताना डंजन मास्टर म्हणाला, की समोर १ हिट पॉइंटची पिक्सी उभी आहे, तर लगेच तलवार काढू नका. आधी नमस्कार करा. आणि ती काही खायला देत असेल, तर नम्रपणे ‘नको’ म्हणा.